विश्लेषण : एक सामना हरला की हंगाम संपला! वागळे इस्टेटच्या हौशी फुटबॉलला चषकांपेक्षा लीगची गरज का आहे?

वागळे इस्टेट, किसननगर, श्रीनगर, सावरकर नगर या पट्ट्यात फिरताना कुठल्या ना कुठल्या चषकाचा फलक नजरेला पडतोच. पूर्वी तो क्रिकेटचा किंवा कबड्डीचा असायचा, आता फुटबॉलचाही असतो. वर पुढाऱ्यांचे फोटो, मध्ये पहिल्या-दुसऱ्या बक्षिसाची रक्कम आणि खाली बारीक अक्षरात दोन शब्द : ‘बाद पद्धत’. वाचताना हे दोन शब्द सहज सुटून जातात, पण हौशी फुटबॉलचं दुखणं त्यांच्यातच आहे. बाद पद्धतीत निम्मे संघ एकच सामना खेळून घरी जातात. वर्षभर नोकरी, शिफ्ट, लेक्चर सांभाळून सराव करायचा आणि चाळीस मिनिटांत सगळं आटोपायचं. हे असंच का चाललं आहे आणि बदलायचं तर काय करावं लागेल, हे समजून घेऊ.

लीग आणि कप यांत नेमका फरक काय?

कप म्हणजे चषक स्पर्धा, बाद पद्धतीची. जिंकला तो पुढे, हरला तो बाहेर. बरोबरी झाली तर जादा वेळ किंवा थेट पेनल्टी. त्या दिवशी गोलकीपरला ताप आला असेल, स्ट्रायकरला सुट्टी मिळाली नसेल, तर त्याला इलाज नाही.

लीग म्हणजे साखळी. प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो, गुण जमा होतात आणि शेवटी गुणतक्ता बोलतो. विजयाला ३, बरोबरीला १, पराभवाला शून्य. विजयाला पूर्वी दोनच गुण असत. इंग्लंडने १९८१ मध्ये तीन गुणांची पद्धत सुरू केली आणि विश्वचषकात ती १९९४ पासून आली. याने खेळ कसा बदलतो, हे एका उदाहरणात कळतं. सात सामन्यांत एका संघाने चार जिंकले आणि तीन हरले. दुसऱ्याने दोन जिंकले, पाच बरोबरीत सोडवले. जुन्या पद्धतीत दुसरा संघ ९ विरुद्ध ८ असा पुढे राहिला असता. नव्या पद्धतीत पहिला संघ १२ विरुद्ध ११ असा पुढे जातो. म्हणजे बचाव करत बसण्यापेक्षा जिंकायला जाणं फायद्याचं ठरतं.

गुण सारखे झाले तर गोलफरक किंवा आपसातल्या सामन्याचा निकाल पाहतात. यातला कोणता निकष आधी लावायचा, हे हंगाम सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावं लागतं. गल्लीतली निम्मी भांडणं हे न लिहिल्यामुळे होतात.

आकडे काय सांगतात?

१६ संघांची बाद स्पर्धा घेतली तर एकूण सामने होतात १५. कारण साधं आहे. प्रत्येक सामना एका संघाला बाहेर काढतो आणि विजेता सोडून १५ संघ बाहेर जायचे असतात. एका सामन्यात दोन संघ खेळतात, म्हणून सरासरी काढली तर प्रत्येक संघाच्या वाट्याला दोनपेक्षाही कमी सामने येतात. संघ ८ असोत, ३२ असोत की ६४, ही सरासरी कधीच दोनवर पोचत नाही. पहिल्या फेरीतच निम्मे संघ घरी जातात, दुसऱ्या फेरीनंतर पाऊण.

त्याच १६ संघांची एकेरी साखळी घेतली तर सामने होतात १२० आणि प्रत्येक संघाला मिळतात १५. संघ दहाच असतील तर ४५ सामने, प्रत्येकाला ९.

मी इंजिनीअरिंगला असताना आमच्या कॉलेजचा संघ दर वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरायचा. चार वर्षांत मिळून आम्ही पाच सामने खेळलो. पाच सामन्यांत कुणाचाही खेळ सुधारत नाही. सुधारण्यासाठी चूक कळावी लागते आणि पुढच्या रविवारी ती दुरुस्त करायची संधी मिळावी लागते. बाद पद्धतीत नेमका तो पुढचा रविवारच नसतो. आणि ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे, तो कच्चा संघच सगळ्यात आधी बाहेर जातो.

लीगची कल्पना आली कुठून?

आधी कप आला, लीग नंतर. इंग्लंडमधला एफए कप १८७१-७२ च्या हंगामात सुरू झाला. पुढे १८८५ मध्ये खेळाडूंना पगार द्यायला अधिकृत परवानगी मिळाली आणि क्लबांची पंचाईत झाली. कपमधून बाहेर पडलं की हातात ठरलेले सामनेच उरेनात. मैत्रीपूर्ण सामने ऐनवेळी रद्द व्हायचे, तिकिटं विकली जायची नाहीत आणि पगार तर द्यावाच लागायचा.

बर्मिंगहॅममध्ये कापडाचं दुकान चालवणारे आणि ॲस्टन व्हिला क्लबच्या कारभारात असलेले विल्यम मॅकग्रेगर यांनी २ मार्च १८८८ रोजी काही क्लबांना पत्र लिहिलं. आपण ठरावीक क्लबांनी एकमेकांशी घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर ठरलेल्या तारखांना खेळायचंच, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला १२ क्लबांची लीग सुरू झाली. प्रत्येकाला २२ सामने हमखास मिळाले. जगभरात आज चालणाऱ्या लीगचं मूळ या दुकानदारी शहाणपणात आहे : तारीख पक्की करा, बाकीचं मागून येतं.

तारीख पक्की नसली की काय होतं, हे आपल्याकडच्या सर्वोच्च स्तरावरही नुकतंच दिसलं. व्यावसायिक हक्कांच्या करारावरून घोळ झाला आणि आयएसएलचा २०२५-२६ चा हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही. देशातले सर्वोत्तम खेळाडू आपला पुढचा सामना कधी, याची वाट पाहत बसले होते. वागळेतल्या हौशी संघाची ती रोजची अवस्था आहे.

मुंबई-ठाण्याच्या फुटबॉलचं काय झालं?

मुंबईत फुटबॉल नवा नाही. रोव्हर्स कप १८९१ मध्ये सुरू झाला आणि कूपरेजवर त्याने अनेक वर्षं गर्दी खेचली. १९५८ मध्ये तो जिंकणारा कॅलटेक्स हा एका तेल कंपनीचा संघ होता. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, आरसीएफ अशी नावं पाहिली की लक्षात येतं, इथला फुटबॉल कंपन्यांच्या हजेरीपटावर उभा होता. चांगला खेळणाऱ्या पोराला नोकरी मिळायची आणि संध्याकाळी सरावाला सवलत. पोट भरण्याची सोय आणि खेळ या दोन गोष्टी एकत्र चालायच्या.

हा आधार एकेक करून गेला. २०००-०१ नंतर रोव्हर्स कप थांबला. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड संघ कंपनीने २०१० मध्ये बंद केला. २०१३ मध्ये परवान्याच्या निकषांत न बसल्याने एअर इंडिया आय-लीगबाहेर गेली.

वागळे इस्टेटच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या औद्योगिक वसाहतींमध्ये वागळेचा समावेश होता. आज त्याच रस्त्यांवर कारखान्यांच्या जागी आयटी पार्क आणि कॉल सेंटर दिसतात. कारखान्यातल्या माणसाला निदान कामगार मंडळ होतं, कंपनीचा संघ होता. कंत्राटावर काम करणाऱ्या आजच्या मुलाला त्यातलं काहीच नाही. त्याचा संघ म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप आणि मैदान म्हणजे तासावर भाड्याने घेतलेलं टर्फ.

कोल्हापूरला जमतं ते ठाण्याला का नाही?

कंपनी नसताना हौशी फुटबॉल कसा चालतो, याचं महाराष्ट्रातलं उत्तर कोल्हापुरात आहे. तिथे संघ तालमींचे आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ. ही नावं म्हणजे पेठांची आणि गल्ल्यांची ओळख आहे. तालीम कुस्तीसाठी उभी राहिली, गणपती बसवते, पुरात मदतीला धावते आणि फुटबॉलचा संघही उतरवते. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेच्या पेठा लोटतात. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच.

पण कोल्हापूरची गर्दी पाहून आपण एक गोष्ट विसरतो. तिथल्या हंगामाचा कणा कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे केएसएची लीग आहे. वरिष्ठ गटात १६ संघ असतात. खालच्या गटात घसरण्याची भीती असते आणि वर येण्याची आशाही. चषक स्पर्धा या लीगला जोडून येतात. आधी कणा, मग दागिने.

कोल्हापूरचं सगळंच गोड आहे, असं नाही. बक्षिसांच्या रकमा वाढल्या तशी बाहेरून, अगदी परदेशातून खेळाडू आणण्याची चढाओढ लागली. पेठेपेठेतली ईर्षा अनेकदा हाणामारीवर गेली आणि पोलीस बंदोबस्तात सामने खेळवण्याची वेळ आली. ठाण्याने हे उचलू नये. पण मूळ रचना उचलण्यासारखी नक्की आहे, कारण त्यासाठी लागणारी माणसं इथे आधीच आहेत.

तालमीच्या जागी आपल्याकडे मंडळ आहे. दहीहंडीला आठ-नऊ थर लावायचे म्हणून गोविंदा पथकं महिना-दीड महिना आधीपासून रोज रात्री सराव करतात. कोण खालच्या थराला, कोण मधल्या, कुणाचा विमा उतरवला, कुणाला दुखापत झाली, सगळं वहीत असतं. ज्या मंडळाला दीडशे माणसं रात्री दहाला एकत्र आणता येतात, त्याला रविवारी सकाळी दहा खेळाडू आणता येणार नाहीत, असं म्हणणं हास्यास्पद आहे.

मुंबईचं क्रिकेट घ्या. १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग भर पावसात, चिखलात खेळली जाते. ए ते जी अशा सात गटांत संघ असतात. शिकाऊ पोरगा आणि कसोटीपटू एकाच लीगच्या रचनेत बसतात. मुंबईच्या फलंदाजांच्या चिवटपणाबद्दल बोलताना जाणकार कांगा लीगचं नाव घेतातच. फुटबॉलपटू काही वेगळ्या मातीचा नसतो.

मग सगळे चषकच का भरवतात?

कारण चषक दिसतो. दोन दिवसांत उद्घाटन, अंतिम सामना, बक्षीस वितरण, फोटो, सगळं उरकतं. प्रायोजकाला फलक मिळतो, पुढाऱ्याला व्यासपीठ. लीगमध्ये सातव्या रविवारी सकाळी साडेसहाला तळाच्या दोन संघांत सामना असतो. तिथे फीत कापायला कोण येणार?

यात आयोजकांची वाईट बुद्धी नाही. त्यांनाही सोपं तेच जमतं. पण पैसा कुठे जातो, हे पाहायला हवं. बाद स्पर्धेत मोठा हिस्सा बक्षिसाला, मंडपाला आणि डीजेला जातो. खेळण्याच्या वेळेवर, पंचांवर आणि प्रथमोपचारावर उरेल ते.

लीग महाग पडते का?

हिशेब मांडून पाहू. पुढचे दर केवळ उदाहरणासाठी धरले आहेत, आपल्या भागातल्या दराप्रमाणे ते बदलून घ्या.

दहा संघ, पाच-पाच खेळाडूंचे सामने, प्रत्येक संघात दहा जणांची नोंदणी. एकूण ४५ सामने. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि मधली विश्रांती धरून प्रत्येक सामन्याला एक तास. सकाळच्या वेळी टर्फचा दर तासाला १००० रुपये धरला तर ४५ हजार. पंचाला सामन्यामागे ३०० प्रमाणे साडेतेरा हजार. चेंडू, बिब आणि प्रथमोपचाराची पेटी यांना साडेसहा हजार. एकूण ६५ हजार रुपये. प्रत्येक संघामागे साडेसहा हजार, खेळाडूमागे ६५० रुपये. त्यात नऊ सामने. म्हणजे सामन्यामागे साधारण ७२ रुपये.

आता बाद स्पर्धा. प्रवेश फी संघामागे २००० रुपये धरली तर त्याच दहा जणांना प्रत्येकी २०० रुपये पडतात. पहिल्याच सामन्यात हरणाऱ्या निम्म्या संघांना एका सामन्याची किंमत पडली २०० रुपये. वरून स्वस्त दिसणारी स्पर्धा खेळाडूला महाग पडते, ती अशी.

वेळेचं गणितही जमतं. दहा संघ म्हणजे नऊ फेऱ्या, प्रत्येक फेरीत पाच सामने. सकाळी सहा ते अकरा, नऊ रविवार. दिवाळीनंतर सुरू केलं तर परीक्षांच्या आधी हंगाम संपतो. सगळ्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, म्हणून एक-दोन सामने आठवड्यातल्या रात्री ठेवायची सोय असावी. वेळापत्रक मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण जाहीर व्हावं. शिफ्टवाल्या मुलाला सुट्टी बदलून घ्यायला तारीख आधी कळावी लागते.

संघ मध्येच गळाले तर?

लीगचा हा खरा कच्चा दुवा आहे. तीन सामने हरले की संघ येईनासा होतो आणि प्रतिस्पर्धी मैदानावर वाट पाहत बसतो. यावर उपाय जुने आणि साधे आहेत. प्रवेश फीबरोबर अनामत रक्कम घ्यायची आणि सगळे सामने खेळल्यावरच ती परत द्यायची. न आलेल्या संघाविरुद्ध ३-० असा निकाल द्यायचा. दोनदा गैरहजर राहिला तर संघ बाद आणि त्याचे सगळे निकाल रद्द, म्हणजे कुणालाच फुकटचा फायदा नाही. संघ जास्त असतील तर दोन गट करायचे आणि पुढच्या हंगामासाठी वर-खाली जाण्याची सोय ठेवायची. मग सातव्या आणि आठव्या क्रमांकातल्या सामन्यालाही अर्थ येतो.

शिस्तही अशीच येते. एका दिवसाच्या स्पर्धेत पिवळ्या कार्डाला कुणी भीक घालत नाही, कारण उद्या सामनाच नसतो. लीगमध्ये चार पिवळ्या कार्डांवर एक सामना बंदी लावली की आडवा पाय घालण्याआधी खेळाडू विचार करतो. शिवाय ज्याच्याशी भांडलात त्याच्याशी पुढच्या हंगामात पुन्हा खेळायचं असतं.

मैदान कुठे आहे?

खरी अडचण इथे आहे आणि ती मंडळांच्या हातात नाही. पूर्ण आकाराचं मैदान १०५ बाय ६८ मीटर म्हटलं तर ७१४० चौरस मीटर जागा लागते, सुमारे पावणेदोन एकर. पण तेच मैदान आडवं वापरलं तर ६८ मीटर लांब आणि ५२ मीटर रुंद अशी दोन छोटी मैदानं मिळतात. त्यावर सात-सात किंवा नऊ-नऊ खेळाडूंचे दोन सामने एकाच वेळी होतात. टर्फच्या जाळीत पाच जणांचा खेळ शिकलेल्या मुलाला मोकळ्या जागेत धावायला, लांब पास द्यायला शिकायचं असेल तर ही पायरी लागते. जाळीला आपटून परत येणारा चेंडू खऱ्या मैदानावर थ्रो-इन असतो.

किसननगरमध्ये २०२३ साली क्लस्टर पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं. दाटीवाटीच्या धोकादायक इमारतींच्या जागी नवी वस्ती उभी राहणार आहे. नकाशे बदलत असतानाच हा प्रश्न विचारायला हवा : या सगळ्यात पावणेदोन एकरांचा एक सलग, सपाट, सार्वजनिक तुकडा कुठे आहे? इमारतींच्या मधल्या चार ‘हिरव्या जागा’ एकत्र मोजून क्षेत्रफळ कागदावर भरतं, पण त्यावर फुटबॉल खेळता येत नाही. लंडनमधल्या हॅकनी मार्शेसवर एके काळी शंभराहून अधिक फुटबॉल मैदानं आखलेली होती आणि ती सार्वजनिक होती. तिथे रविवारी खेळणारे सगळे हौशी, नोकरदार. वागळेला शंभर नकोत, एक हवं. इमारती उभ्या राहिल्यावर ही मागणी करून काही उपयोग होणार नाही.

मग चषक बंद करायचे का?

मुळीच नाही. बाद सामन्याची मजा लीगला येत नाही. तळाचा संघ पेनल्टीवर विजेत्याला घरी पाठवतो, ती संध्याकाळ वर्षभर सांगितली जाते. चषकाला विरोध नाही, फक्त त्याची जागा हंगामाच्या शेवटी असावी. आधी नऊ रविवारांची लीग, मग शेवटच्या आठवड्यात त्याच दहा संघांचा चषक. ज्यांना एकच दिवस मिळतो, त्यांनी निदान चार-चार संघांचे गट करून प्रत्येकाला तीन सामने द्यावेत. विश्वचषकही तसाच खेळवतात.

वर जायची वाट आज कागदावर तरी आहे. राज्य पातळीवरच्या स्पर्धा, त्यावर राष्ट्रीय पातळीवरच्या खालच्या लीग आणि सगळ्यात वर आयएसएल. २०२३ मध्ये आय-लीग जिंकून पंजाबचा क्लब आयएसएलमध्ये गेलाही. वागळेतला एखादा संघ तिथे पोचेल, असं स्वप्न विकण्यात अर्थ नाही. पण या शिडीची सगळ्यात खालची पायरी गल्लीतली लीग आहे आणि ती कुठलाही महासंघ येऊन बांधून देणार नाही.

पुढच्या वेळी कुणी चषकासाठी वर्गणी मागायला आलं तर द्यावी. त्याआधी एकच प्रश्न विचारावा : पहिल्या सामन्यात हरणाऱ्या संघाला दुसरा सामना कधी आहे? उत्तरात एखादी तारीख आली, तर पैसे योग्य ठिकाणी जात आहेत.